गिरणीतून गेलेल्या सात वायरी

वळवाच्या त्या वादळाने आमची गल्ली तुडवून काढली. गुलटेकडीच्या उतारावर, मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला माझ्या मोठ्या भावाची, दादाची पिठाची गिरणी. खाली गिरणी आणि वर आम्हा दोघा भावांचे संसार. दुपार कलता कलता कोपऱ्यावरचा गुलमोहर मुळासकट उपटला, विजेच्या तारा ओरबाडत खाली आला आणि दोन रिक्षांचा चेंदामेंदा करून आडवा पडला. कुठल्या तरी शेडचा पत्रा सुऱ्यासारखा आला आणि समोरच्या काकूंच्या गॅलरीचं दार चिरून आत गेला. मी त्या वेळी पलंगाखाली होतो. मांजर शोधायला गेलो होतो, असं मी आजही सांगतो. आमच्याकडे मांजर नाही.

दादा आणि वहिनी लग्नासाठी पाच दिवस सासवडला गेले होते. गिरणी बंद, किल्ली माझ्याकडे. गिरणीची लाइन मागच्या खांबावरून येते, त्यामुळे ती दुसऱ्याच दिवशी चालू झाली. बाकी गल्लीला चार दिवस वीज नव्हती.

पहिल्यांदा काकू आल्या. "अहो, मोबाईल तेवढा लावू का? लेक परगावी असते, जीव टांगणीला लागलाय तिचा."

नाही कसं म्हणणार? त्यांच्यामागून फ्रिज आला. मग शेजारच्या इमारतीची पाण्याची मोटर. मग क्लासवाल्यांचा एसी, कारण "मुलांची परीक्षा आहे हो." शेवटी आइस्क्रीमवाला आपल्या दोन डीप फ्रीजरची वायर घेऊन हजर. संध्याकाळपर्यंत गिरणीच्या खिडकीतून सात वायरी निघून सात दिशांना गेल्या होत्या. कॉलेजातल्या माझ्या कारकुनीत मला कुणी खुर्ची सरकवून देत नाही; इथे घराघरातून चहा येऊ लागला. "देवमाणूस आहात," असं आइस्क्रीमवाला म्हणाला आणि मी ते खरं मानलं. दुसऱ्याच्या विजेवर देव होणं फार सोपं असतं.

दादा यायच्या आदल्या दिवशी गल्लीची वीज आली. मी वायरी सोडवल्या, गिरणी झाडून ठेवली आणि गप्प बसलो. सांगायला काय हरकत होती, हे मला बायकोने तेव्हाच विचारलं होतं. "योग्य वेळी सांगतो," म्हणालो.

महिन्याने बिल आलं. गिरणी पाच दिवस बंद असूनही नेहमीच्या सव्वापट! दादा तडक वीज कंपनीच्या ऑफिसात गेला. मला बरोबर नेलं, कारण मला अर्ज लिहिता येतो.

"मीटर फिरलाय म्हणजे वापर झालाय," खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला. "आपण लग्नाला गेला होतात, भुतं दळण दळून गेली असतील."

दादाने खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली आणि त्याचं कपाळ काचेवर आपटलं. काच तडकली. सुरक्षारक्षकाने दादाच्या पोटात काठी खुपसली, दादाने त्याला बुक्का मारला. मी "अहो, अहो, शांत व्हा," असं म्हणत दोघांच्या मध्ये गेलो आणि दोघांचाही मार खाल्ला. खरं सांगायची ती योग्य वेळ होती. पण ओठ सुजला होता.

दादाने बिल भरलं नाही. शेवटी कनेक्शन तोडायला लाइनमन आला. वादळानंतर भर पावसात करवत घेऊन तारांवरच्या फांद्या कापणारा तो हाच. आमच्या भागात रीडिंग घ्यायलाही तोच येतो. भिंतीला शिडी लावून तो वर चढला.

"खोटं रीडिंग घेऊन वर तोडायला येतोस?" दादा गरजला. त्याच्या हातात गिरणीचा जुना जाड पट्टा होता. पहिला फटका लाइनमनच्या पोटऱ्यांवर बसला, दुसरा कमरेत. तो वरून ओरडला, "अहो, माझा काय दोष?" दादाने शिडीला लाथ घातली.

तो दगडी पायरीवर हातावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पायरीवर सांडलेल्या पिठात रक्त मिसळत गेलं. दादा तिसऱ्यांदा पट्टा उगारत होता, तेव्हा गल्लीतल्या चौघांनी त्याला दाबून धरलं. त्यात आइस्क्रीमवालाही होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घरच्या दळणाचा डबा डोक्यावर घेऊन उभा होतो, तो खाली ठेवायलाही विसरलो होतो.

दवाखान्यात कच्चं प्लास्टर घालून लाइनमनला चौकीत आणलं. तो बाकावर बसला, दादा समोर. हवालदाराने दादाला व्यवहारी सल्ला दिला, "तुम्हीपण उलट तक्रार टाका. रीडिंगमध्ये गडबड केली, मिटवायला पैसे मागितले, असं लिहा. दोन्हीकडून तक्रारी असल्या की आपोआप मिटतं. साक्षीदार कोण?"

"हा," दादा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "लिही रे. तुझं अक्षर चांगलंय."

लाइनमन पहिल्यांदाच घाबरला. "असं करू नका हो. मी कंत्राटी माणूस आहे. पैसे मागितले असं एकदा नावाला लागलं, की उद्यापासून घरी बसवतील."

मी 'प्रति' लिहिलं, 'विषय' लिहिला. त्यापुढे पेन सरकेना. तो माणूस हाताकडे बघत नव्हता, माझ्या पेनाकडे बघत होता.

"दादा," मी म्हणालो, "वीज मी वापरली. तू नव्हतास तेव्हा गल्लीला सात वायरी दिल्या होत्या. रीडिंग बरोबर आहे."

दादा उठला आणि भर चौकीत त्याने माझ्या तोंडावर असा ठोसा मारला, की टेबलावरच्या अर्जावर माझा एक दात पडला. हवालदाराने त्याला मागे ओढलं आणि मला विचारलं, "याची वेगळी तक्रार घेऊ?" मी मान हलवली, नको म्हणून.

"माझी मात्र राहू द्या," लाइनमन म्हणाला. "हात मोडलाय माझा."

"बरोबर आहे त्याचं," दादा खाली बसत म्हणाला.

केस अजून चालू आहे. तारखेला दादा आणि मी, आरोपी आणि त्याच्याविरुद्धचा साक्षीदार, एकाच स्कूटरवरून कोर्टात जातो. स्वारगेटच्या गर्दीत दादा एवढंच म्हणतो, "नीट धरून बस." लाइनमनची नोकरी टिकली, पण त्याच्या उजव्या हाताची मूठ नीट वळत नाही, म्हणून खांबावर चढवत नाहीत.

मागच्या तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात पाण्याची बाटली उघडायला बघत होता. झाकण फिरेना. दादाने हात पुढे केला. त्याने दादाच्या हाताकडे पाहिलं, बाटली दोन्ही गुडघ्यांत दाबली, डाव्या हाताने झाकण उघडलं आणि पाणी प्यायला.