दहावा बार

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याला दमवणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. मी बीडला एका कचेरीत आवक-जावक सांभाळतो. आठवडाभर माणसं येतात, माझ्यावर खेकसतात आणि निघून जातात. त्यानं मी दमत नाही. पण शनिवारी संध्याकाळी फोन वाजला आणि पलीकडून "जय भीम जावईबापू, सकाळच्याला निघा, एक जागा दावायची ऱ्हायलीय," असं ऐकू आलं की माझे गुडघे आपोआप दुखायला लागतात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांतल्या रविवारांपैकी किती माझे आणि किती मामांचे, याचा विचार मी सोडून दिला आहे.

मामांचं गाव कपिलधारच्या अलीकडे, डोंगराला टेकून आहे. टेकायला डोंगर थोडाच उरला आहे, ते वेगळं. या भागात एके काळी दगडाच्या खाणी जोरात होत्या. डोंगर फोडून त्याची खडी झाली आणि ती खडी रस्त्यांवर गेली. "माजलगावला जाता न्हाई का तुमी, तवा तुमच्या गाडीखाली आमचाच डोंगर असतोय," असं मामा मोठ्या अभिमानानं सांगतात. पुढं खाणी बंद पडल्या. खड्ड्यांत पावसाचं पाणी साठून हिरवीगार तळी झाली, कपारींत साळिंदरं राहायला आली, उभ्या कड्यांना आग्या मोहोळं लटकली. ज्या खाणीत मामांनी उभी हयात सुरुंग लावले, तिथंच ते आता पाहुण्यांना निसर्ग दाखवत फिरतात. फोडलेला डोंगर इतक्या प्रेमानं दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पावसाळ्यात कपिलधारला धबधबा पाहायला झुंबड उडते. मामा त्या गर्दीला वळसा घालून आम्हाला उघड्या माळावर नेतात. एकदा माझ्या मुलीनं धबधब्याचा हट्ट धरला, तर म्हणाले, "ते पाणी आपोआप पडतंय बाई. त्यात काय पाहायचं?" मग दोन तास चालवून त्यांनी आम्हाला एक दगड दाखवला. तो वाजवला की पितळेच्या घागरीसारखा खणखणतो. तो मीच वाजवायचा असा आग्रह होता. मी वाजवला, आणि पंधरा दिवस कचेरीत डाव्या हातानं शिक्के मारले. मामांचं 'जरासं वर' म्हणजे अर्धा कोस, 'सपाट हाय' म्हणजे हात टेकून चढायचं आणि 'सावली हाय तितं' म्हणजे एक बाभूळ.

कुठलीही वस्तू पाहिली की ती किती बारांत खाली येईल याचा अंदाज ते बांधतात. एक सुरुंग उडाला की एक बार, हे त्यांचं माप. आमच्या फ्लॅटच्या वास्तूला आले, चारी भिंतींवर हात फिरवला आणि बिल्डरच्या समोरच म्हणाले, "चार बारात बसंल खाली. तिसऱ्यातच बसंल खरं तर." बिल्डर जेवायला थांबला नाही.

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक लोखंडी शिट्टी असते. बार उडवण्याआधी तीन शिट्ट्या द्यायच्या, माणसं लांब पळाली की वाती पेटवायच्या, हा खाणीतला रिवाज. मामा आमच्या घरात शिरतानाही जिन्यात तीन शिट्ट्या देतात. खालच्या मजल्यावरचे लोक आता तक्रार करत नाहीत, नुसते टीव्हीचा आवाज वाढवतात.

पण शिट्टीपेक्षा त्यांचं मोजणं जास्त अवघड. सुरुंग लावणाऱ्याला उडालेले बार कानानं मोजावे लागतात. दहा वाती पेटवल्या तर दहा आवाज यायला हवेत. नऊच आले तर एक बार आत जिवंत आहे असं धरायचं आणि अर्धा तास कुणी तिकडं फिरकायचं नाही. मामांच्या कानाला ही सवय इतकी जडली आहे की त्यांना न मोजता काही ऐकूच येत नाही. घरात कुकर लावला की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. बायकोनं चार शिट्ट्या सांगितल्या आणि तीनच झाल्या, तर गॅसजवळ कुणाला जाऊ देत नाहीत. आम्ही कितीतरी वेळा त्यांच्यापायी करपलेला भात खाल्ला आहे.

माझ्या वरातीत तर त्यांनी कहरच केला. पोरांनी चौकात सात सुतळी बाँब लावले. सहा वाजले. मामांनी शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहिले. "एक ऱ्हायलाय. कुणी पुढं सरायचं न्हाई." बँडवाले थांबले, घोडा थांबला, घोड्यावर मी थांबलो. माझे वडील चिडून म्हणाले, "ओ पाव्हणे, मुहूर्त कावून अडवता?" "मुहूर्त पुन्ना काढता येतो," मामा म्हणाले, "पाय येत न्हाई." सगळे हसत होते, आणि तेवढ्यात सातवा बाँब वाजला. त्यानंतर मामांच्या मोजणीवर कुणी हसलं नाही.

एवढा सगळा डोंगर ते दाखवायचे, पण एक जागा सोडून. मोठ्या खाणीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक छान सपाट ओटा आहे. मागं कडा, समोर पाणी, आणि दुपारी खरीखुरी सावली. त्या ओट्याभोवती त्यांनी दगड मांडून त्यांना चुना फासला होता. दरवर्षी दिवाळीआधी ते नवा चुना द्यायचे. कुणी आत पाऊल टाकलं की कुठून तरी शिट्टी वाजायची आणि मामा काठी घेऊन धावत यायचे. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या एका नवरा-नवरीला त्यांनी तिथून पळवून लावलं होतं. मी एकदा दमून त्या सावलीत बसायला निघालो, तर त्यांनी मला दंडाला धरून मागं खेचलं. "साप हाय तितं." दुसऱ्या वर्षी विचारलं तर म्हणाले, मोहोळ आहे. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला एखादी जागा स्वतःची हवी असते, आणि उन्हातच बसलो.

मागच्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीनं खाणीचं पर्यटनस्थळ करायचं ठरवलं. पायऱ्या, बाकडी, फोटो काढायला एक चौथरा. चौथऱ्याची जागा ठरली ती त्याच ओट्यावर, आणि सोमवारी जेसीबी लागणार होता. शनिवारी नेहमीसारखा फोन आला नाही. मामा स्वतःच एस.टी.नं बीडला आले. जिन्यात शिट्टी वाजली नाही. आत येऊन भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "जावईबापू, एक अर्ज लिवून द्या."

अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. मी कागद घेतला आणि विचारलं, "विषय काय?"

"म्या खोटं लिवलं, त्याबाबत."

माझं पेन तिथंच थांबलं. मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी खाणीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी त्या कोपऱ्यात त्यांनी दहा बार भरले, दहा वाती पेटवल्या आणि कान लावून बसले. "नऊ ऐकलते म्या. पन त्याच टायमाला क्रशरवर दगडाचा ट्रक खाली झाला. दहावा त्या आवाजात गेला का आतच ऱ्हायला, कळंना." अर्धा तास थांबून तपासायला हवं होतं. ठेकेदार मोटार सुरू करून बसला होता, माणसं घरी निघाली होती. मामांनी वहीत लिहिलं, दहा. दुसऱ्या दिवशी खाणीला कुलूप लागलं.

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तोवर एकबी बार चुकला न्हवता माजा. आधी लाज वाटली, मग लई उशीर झाला." पंच्याहत्तरीचा तो माणूस माझ्याकडं न बघता बोलत होता. "दर आइतवारी तुमाला घिऊन जात व्हतो ते डोंगर दावायला न्हवं. येकल्यानं पहारा द्यायचा कटाळा यायचा. आता तितं जेसीबी लागंल. वर एक पोरगं बसंल चालवायला."

एकोणीस वर्षं मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत डोंगर चढलो, तो माणूस एवढं ओझं घेऊन माझ्या पुढं चालत होता. मला माझी लाज वाटली. अर्ज मी त्यांच्याच शब्दांत लिहिला, विषयाची ओळसुद्धा. माझ्या हातून गेलेला तेवढा एकच अर्ज असेल, ज्यात एकही वाक्य वाढवलेलं नाही.

सोमवारी जेसीबी लागायच्या आत तो ग्रामपंचायतीत दिला आणि काम थांबलं. गावात चर्चा झाली, काहींनी मामांना वेड्यात काढलं, सरपंचांनी तोंड फिरवलं. पंधरा दिवसांनी सुरुंगांची जाण असलेली दोन माणसं आली. त्यांनी दिवसभर हळूहळू दगड बाजूला केले. आम्ही चुन्याच्या दगडांबाहेर, लांबवर उभे होतो. मामांनी सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. संध्याकाळी त्यांतला मोठा माणूस हात झटकत आमच्याकडं आला.

"दहाही भोकं फुटलेली आहेत, बाबा. नववा आणि दहावा एकदमच उडाले असतील. आत काही नाही."

मामांनी दोनदा विचारलं. त्यानं दोनदा सांगितलं. मग मामा खाली बसले. "बरं झालं," म्हणाले. मग गळ्यातली शिट्टी चाचपत म्हणाले, "म्हंजी बावीस वर्सं बिनकामाचाच पहारा दिला म्या." मी शेजारी टेकलो. पाठीवर हात ठेवला, तर सदऱ्याखाली नुसती हाडं लागली.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माझ्या हक्काचे रविवार मला परत मिळाले होते, आणि मी पहाटे जागा होऊन छताकडं बघत पडायचो. बायको म्हणाली, मामा घराबाहेर पडत नाहीत, शिट्टी खुंटीला टांगून ठेवली आहे. तेव्हा मीच एका शनिवारी फोन केला. "मामा, एक जागा पाहायची राहिलीय." ते नाही म्हणत होते. मी गेलोच, खुंटीवरची शिट्टी खिशात टाकली आणि त्यांना हाताला धरून खाणीवर नेलं. वाटेत तीनदा बसावं लागलं. या खेपेला मी दमलो नव्हतो.

कोपऱ्यात चौथरा झाला होता. दोन पोरी त्यावर बसून डबा खात होत्या. चुन्याचे दगड कामात सगळे इकडंतिकडं झाले होते, तरी मामा बरोबर जुन्या रेषेवर येऊन थबकले. पाऊल उचलेना. पोरी आमच्याकडं बघत होत्या. मी शिट्टी काढली आणि तीनदा वाजवली. मग बार मोजावेत तसे दोघंही कान लावून उभे राहिलो. लांब कुठं तरी मोर ओरडला.

"दहा झाले, मामा," मी म्हटलं.

"मोजले नीट?"

"मोजले."

त्यांनी चप्पल काढली, रेषा ओलांडली आणि सावलीत जाऊन बसले. कड्याला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले, आणि बघता बघता त्यांना झोप लागली.