सोऱ्याचा गारवा

डाळिंबावर फवारायला आज पोटॅशियम नायट्रेट थोड्या पाण्यात विरघळवलं आणि बादलीला हात लावला. भर उन्हात ती गार पडली होती.

हाच तो सोरा. लहानपणी भोकरला आमच्या शेजारी राहणाऱ्या खालाच्या घरी शोभेची दारू बनायची, म्हणून तिच्याकडे सोऱ्याचं पोतं असायचं. एका उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, ताप उतरेना आणि गावात बर्फ मिळेना. आई रडकुंडीला आली. खालाने परातीत पाणी घेतलं, त्यात ओंजळी भरून सोरा टाकला आणि मधोमध पाण्याचा तांब्या ठेवला.

“फिरवत ऱ्हा, बेटा. अन् परातीतलं पाणी तोंडात घालू नको, लई वंगाळ हाय.”

मी तांब्या फिरवत राहिले. बोटं बधिर झाली. तांब्यातल्या गार पाण्याच्या घड्या खाला सुमनच्या कपाळावर ठेवत होती. दिवस कलताना सुमनने डोळे उघडले.

“खाला, तुझा हात लई थंड हाय. काढू नको.”

खाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात फ्रिज आहे, बर्फ हवा तेवढा.

“ताई, विरघळलं की. पंप भरू का?” गड्याने विचारलं.

“थांब जरा,” मी म्हणाले. बादली अजून गार होती.