टायपिंग क्लासातला चेंडू

टायपिंग क्लासात बोटं गुंतलेली असतात, कान मोकळे. म्हणून असे किस्से साठत जातात. महाल भागातल्या आमच्या क्लासात पहिला कॉम्प्युटर आला, त्या दिवसांतले हे काही.

सरांनी क्लासात एक टीव्ही-गेम ठेवला होता. पडद्यावर पांढरा चेंडू, दोन बाजूंना दोन फळ्या, बस्स. माझ्यासोबत शिकवणारी मंदा दुपारी तिच्या बाबांना घेऊन यायची. ते विणकर. हातमाग विकल्यापासून ते घरात कुणाशी बोलत नसत. या चेंडूसमोर मात्र तासभर बसत, मधूनच हसत. एके दिवशी गेममधून धूर निघाला आणि तो बंद पडला. बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

*

एका मासिकात प्रोग्राम छापून आला. तो टाइप केला की आपला कॉम्प्युटर त्या जुन्या गेमसारखाच वागणार होता. सर घाबरले. "दुसऱ्याची मशीन आपल्या मशीनमध्ये घालणं, चोरी नाही काय वं?"

मंदा म्हणाली, "सर, जुनी मशीन तुमचीच होती. आन् हे तर त्यायनं टाइप कराले छापलं."

*

तरी सरांनी अर्ज टाइप करून घ्यायला आलेल्या वकीलसाहेबांना विचारलंच. ते चष्मा पुसत म्हणाले, "विकाल तर वकील लागन. खेळाल तर मले बोलवा."

*

मंदानं बोटांकडे न बघता सगळं टाइप केलं. कॉम्प्युटर काही मानेना. पुन्हा पुन्हा तपासलं, सगळं बरोबर दिसत होतं. मग माझ्या लक्षात आलं. आमच्या जुन्या टाइपरायटरांवर एकचा आकडाच नव्हता, त्याच्या जागी आम्ही छोटा एल मारायचो. मंदानं सवयीनं सगळीकडे एलच मारले होते!

"आता गं?"

"वेचा लागन, ताई. तांदळातले खडे वेचतो तशे."

*

एका दुपारी कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीवर चेंडू आला. खिडकीतून मऊ ऊन येत होतं, टाइपरायटर थांबले होते. चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खुर्चीत बसलेल्या बाबांचे पाय वरखाली होऊ लागले, मागाच्या पावड्या दाबाव्यात तसे.

सरांकडून चेंडू सुटला. बाबा पहिल्यांदाच बोलले, "धागा तुटला. जोडा गा."

सरांनी गुपचूप खेळ पुन्हा सुरू केला.

बऱ्याच वेळानं बाबा वाकले आणि टीव्हीच्या खाली हात घालून चाचपू लागले.

"बाबा, काय पाहून राहिले?" मंदानं विचारलं.

"एवढ्या वेळचा विणून राहिलो, पोरी. कापड कुठं जमा होऊन राहिलं?"