नणंदेबरोबर वाचलेले उतारे

लातूरहून नणंद परत आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची ट्रंक, एक कूलर आणि पोत्यात बांधलेली पुस्तकं होती. टेम्पोतून ते सामान आम्ही उतरवून घेतलं. लातूरला क्लास लावून डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा तिनं दोनदा दिली होती. दुसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षाही कमी मार्क पडले होते. अर्धापूरच्या आमच्या घरात हुशार म्हणून तीच एक. त्यामुळं तिला रागवायचं कसं हेही कुणाला माहीत नव्हतं.

ती आली आणि झोपली. जेवायला उठायची, ताटात बोटं फिरवायची, परत भिंतीकडं तोंड करून पडायची. आठवड्यानं सासूबाईंनी मला न्हाणीजवळ गाठलं.

"तिला एकटी सोडू नको," त्या हळूच म्हणाल्या. "कायतरी निमित्त काढून तिच्यापाशी बसत जा. लातूरच्या पोरींनी जिवाचं बरंवाईट करून घेतलेलं काय काय ऐकून राहिलो आपण."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला नणंदेची काळजी नंतर वाटली, आधी वाटला तो थकवा. सकाळी केळीच्या बागेतल्या माणसांचे डबे, मुलीची शाळा, सासऱ्यांचं पथ्याचं जेवण, धुणं, भांडी, आणि त्यात आता हे. दुपारचा तासभर तेवढा माझा असायचा, तो गेला.

सासऱ्यांनीच पुढचा मार्ग काढला. डॉक्टर नाही तर नाही, पण पोरगी घरी बसायची नाही. हैदराबादच्या एका मोठ्या विद्यापीठात साधी पदवी करायची, त्यासाठी देशभराची एक परीक्षा असते आणि तिच्यात इंग्रजीचा पेपर असतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. माझ्या नवऱ्यानं नांदेडहून सरावाचं जाडजूड पुस्तक आणलं. उतारा, खाली प्रश्न, प्रश्नाला चार पर्याय. पान उलटलं की पुन्हा उतारा.

नणंदेनं पुस्तक उशाशी ठेवलं आणि उघडलं नाही. एका दुपारी मी तांदूळ निवडायचं ताट घेऊन तिच्या खोलीत गेले.

"मला वाचून दाखव," मी म्हटलं. "नुसतं बसून झोप येते मला."

"इंग्रजी हाय ते वहिनी."

"असू दे. मी बीए केलंय."

बीए मी लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलं होतं, शेवटचं वर्ष मुलगी पोटात असताना. इंग्रजीत काठावर पास. पण तिनं पुस्तक उचललं, बहुतेक वाद घालायचंही त्राण नव्हतं म्हणून. पहिला उतारा समुद्रातल्या दीपस्तंभांचा होता. ती सपाट आवाजात वाचत गेली आणि मी खरोखरच झोपले. ताट मांडीवरून घसरलं, तांदूळ फरशीभर झाले. तिनं माझ्याकडं पाहिलं, तांदळाकडं पाहिलं आणि हसली. परत आल्यापासून पहिल्यांदा.

मग ते रोजचंच झालं. दुपारी भांडी आवरली की मी काहीतरी निवडायचं घेऊन जायची, ती वाचायची. पण गाडी पुढं सरकेना. लातूरला तिला पुस्तकातली ओळ न् ओळ पाठ करायची सवय लागली होती. उताराही ती तसाच पाठ करायची. दीपस्तंभ कुठं कुठं आहेत, कुणी बांधले, सगळं धडाधडा सांगायची. मात्र लेखकाला म्हणायचंय काय, असं विचारलं की परत तेच पाठ केलेलं सांगायची. एखादा शब्द अडला की तिथंच थांबायची, मोबाइलवर अर्थ बघायची, तोवर आधीचं वाक्य विसरायची.

मला तशी अडचण नव्हती. माझं माहेर तेलंगणाच्या शिवेवरचं, बिलोलीकडचं. आठवडी बाजारात निम्मी माणसं तेलुगू बोलणारी. मला तेलुगू कुणी शिकवलं नाही, पण आईसोबत बाजारात उभी राहून कोण घासाघीस करून राहिलं, कोण चिडलं, कोण नुसतं तोंडदेखलं बोलून राहिलं हे कळायचं. चार शब्द कळले की मधले सहा आपोआप भरले जायचे. इंग्रजी उताऱ्याशी मी तशीच वागले. न कळलेला शब्द ओलांडून पुढं जायचं, पुढच्या वाक्यात तो कधी ना कधी सापडतो.

"हे कसं ओळखलं तुमी?" ती विचारायची.

"ओळखलं न्हाई. अंदाज केला."

माझी चूक वेगळीच होती. एक उतारा घरकामाच्या यंत्रांवर होता. त्यात लिहिलं होतं की धुण्याचं मशीन, मिक्सर, गॅस आल्यापासून बाईच्या हाती भरपूर मोकळा वेळ आला. खाली प्रश्न: लेखकाच्या मते यंत्रांमुळं काय झालं? मी म्हटलं, "कामं वाढली."

"वहिनी, चूक. मोकळा वेळ मिळाला."

"कुणाला मिळाला? मशीन आलं तसं रोज धुणं निघायला लागलं. आधी एकाआड एक दिवस निघायचं."

"लेखकाच्या मते विचारलंय. तुमच्या मते न्हाई."

"मग माझं मत कुठं टिक करायचं?"

तिनं चारही पर्याय पुन्हा वाचले. "त्याला पर्यायच न्हाई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी बराच वेळ हसत बसलो. सासूबाई दारातून डोकावून गेल्या. त्यांना वाटलं असेल, अभ्यास सोडून ह्या काय करून राहिल्या.

सूर ओळखा, हा प्रश्न तिला सगळ्यात अवघड जायचा. लेखक उपरोधानं बोलतो, काळजीनं बोलतो की नुसतं त्रयस्थपणे सांगतो. त्यावर आम्ही घरातल्या माणसांचा सराव सुरू केला. सासरे चहा मागताना कुठला सूर? माझा नवरा 'बघू' म्हणतो तो कुठला? तिच्या आईचा कुठला? हळूहळू तिचे पर्याय बरोबर यायला लागले, आणि ती सांगत गेली तसे 'लेखकाच्या मते'चे माझेही. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी मात्र रोज तेवढीच थकलेली असायची. एकेक दिवस असा यायचा की ती वाचायची आणि मला नुसता आवाज ऐकू यायचा, शब्द नाही. तेव्हा ती पुस्तक मिटून माझ्या हातातलं सूप घ्यायची आणि म्हणायची, "पडा जरा."

तिचा फॉर्म भरायला आम्ही नांदेडच्या नेट कॅफेत गेलो, तेव्हा तिथं बसल्या बसल्या ती मला म्हणाली, "तुमी पण भरा. पदवीनंतरच्या वकिलीची परीक्षा असती. त्याच्यात पण इंग्रजी असतं."

"मला कुठं जमणार? घरचं कोण बघंल?"

"ते नंतर. परीक्षा द्यायला काय जातंय?"

मी नवऱ्याला फोन केला. तो "बघू" म्हणाला. मी फॉर्म भरला.

माझी परीक्षा आधी आली. केंद्र नांदेड मागितलं होतं, मिळालं लातूर. नवऱ्याला केळीच्या तोडणीमुळं येता येईना. "मी जाते वहिनीसंगं," नणंद म्हणाली. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. ज्या गावातून ती खचून परत आली, तिथंच मी तिला घेऊन चालले होते.

अहमदपूरपर्यंत ती बोलत होती. लातूरला बसस्टँडवर उतरल्या उतरल्या तिनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. जिकडं तिकडं क्लासच्या जाहिराती, त्यांवर गुण मिळवलेल्या पोरापोरींचे हसरे फोटो. ती खाली बघून चालत होती. रिक्षानं आम्ही औसा रोडवरच्या केंद्रावर गेलो. आत मोबाइल न्यायची परवानगी नव्हती. मी माझा फोन आणि पर्स तिच्याकडं दिली.

"इथंच बसशील ना?" समोरच्या लिंबाखाली तिला बसवून मी विचारलं.

"हाव. जावा तुमी."

आत कॉम्प्युटर होते. माऊस हातात धरला तर पडद्यावरचा बाण माझं ऐकेना. कायद्याचे प्रश्न झाले, सामान्य ज्ञानाचे बरेचसे अंदाजानं झाले. मग उतारा आला. कुठल्याशा जुन्या घड्याळजीबद्दल होता. पहिली ओळ मी चार वेळा वाचली आणि चारही वेळा मनात एकच गोष्ट आली, की ती बाहेर एकटी आहे. जवळपास वर्षभर जिला एकटी सोडली नाही, तिला मी नेमकी इथं सोडून आले. शेवटी मी डोळे मिटले आणि ओळी तिच्या आवाजात म्हणून बघितल्या, त्या सपाट, न थांबणाऱ्या आवाजात. तेव्हा कुठं अर्थ लागायला लागला.

बाहेर आले तर लिंबाखाली ती नव्हती.

मी फाटकापाशी गेले, रस्त्यावर गेले, परत आले. पहारेकऱ्याला विचारलं, त्यानं पाहिलं नव्हतं. बाकीच्या बायका-पोरी आपापल्या माणसांबरोबर निघून गेल्या. माझ्याकडं फोन नव्हता, पैसे नव्हते. कुणाचा तरी फोन मागून घरी लावावा म्हटलं, तर सांगणार काय? मग ती जिथं बसली होती तिथंच मी खाली बसले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती रिक्षातून उतरली. तोंडावर स्कार्फ नव्हता. हातात स्टीलचा डबा होता.

"कुठं होतीस?" माझा आवाज इतका वर गेला की पहारेकरी वळून पाहायला लागला.

"मेसवाल्या काकूकडं. गेल्या साली न सांगताच निघून आले होते. माझा डबा ऱ्हायला होता त्यांच्यापाशी. ठेवला होता त्यांनी." ती थांबली. "मला वाटलं, तुमचं सुटायच्या आत येईन. त्यांनी जेवल्याशिवाय सोडलंच न्हाई."

मला रडूही येईना, इतकी मी दमले होते. ती माझ्याशेजारी मातीतच बसली.

"वहिनी, आईनं तुम्हाला माझ्यावर ध्यान ठेवायला सांगितलं होतं ना?"

मी तिच्याकडून माझी पर्स घेतली.

"मला पैल्या दिवसापासून ठाऊक हाय. तांदूळ निवडलेले होते त्या दिवशी. तुमी निवडलेलेच परत निवडून राहिल्या होत्या."

"मग वाचत का राहिलीस?"

तिनं थोडा विचार केला. "तुमची उत्तरं बरोबर यायला लागली म्हणून. लातूरला दोन वर्सं मी कुणाला काय सांगितलं, अन् त्याला ते आलं, असं एकदा पण झालं न्हाई. सगळे माझ्या पुढंच."

मग तिनं डबा उघडला. काकूंनी माझ्यासाठी दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. तिथंच बसून मी त्या खाल्ल्या.

त्या उन्हाळ्यात तिची परीक्षा नांदेडला झाली. मी बाहेर उभी होते, पण वाट बघताना फाटकाला टेकून डुलकी लागली इतकी निवांत होते. तिला हैदराबादला प्रवेश मिळाला, समाजशास्त्राला. डॉक्टर नाही म्हणून सासरे दोन दिवस नीट बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतः तिच्यासाठी नवी बॅग घेऊन आले. मला नांदेडच्या एका वकिलीच्या कॉलेजात जागा मिळाली. मार्क बेताचेच होते, पण इंग्रजीनं तारलं.

आता मी पहाटे उठून डबे करते आणि बसनं नांदेडला जाते. वर्गातली पोरं मला मॅडम समजून उठून उभी राहायची, ती सवय आता मोडली. पहिल्या सत्रात माझा एक विषय राहिला, कराराचा कायदा. तो पुन्हा देतेय. पेपर पुढच्या आठवड्यात आहे, आणि आज बागेत तोडणी आहे, वीस-पंचवीस माणसांचा चहा व्हायचाय. सासूबाई सकाळी पहिल्यांदाच म्हणाल्या, "चहाचं मी बघते, तू वाच." मी हो म्हटलं. पुस्तक उघडलं आणि दोन पानांत झोप लागली.