युनिटच्या भावातलं पाणी

आमच्या साखर कारखान्याच्या स्मरणिकेत छापलंय की वीज प्रकल्प दुष्काळामुळं बंद पडला. तो मजकूर मीच लिहून दिला होता. आमच्याकडं दुष्काळावर कुणीही काहीही ढकलतं. तो बिचारा कधी खुलासा पाठवत नाही. म्हणून आता मी पाठवतोय.

बीड जिल्ह्यातल्या त्या सहकारी कारखान्यात मी इंजिनिअर होतो. गाळप चालू असताना उसाचा चोथा जाळून वीज व्हायची. अध्यक्षांच्या मनात आलं, हंगाम संपल्यावर कोळसा आणायचा, बॉयलर बाराही महिने पेटता ठेवायचा आणि वीज विकायची. विजेचं एक युनिट कितीला पडेल, याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडं आलं.

कोळशाचा खाणीवरचा भाव, रेल्वेचं भाडं, पुढं ट्रक, कर्जाचं व्याज, घसारा, पगार, राख उचलायची मजुरी, सगळं मांडलं. उरलं पाणी. वाफ थंड करायला कारखान्याशेजारच्या तलावातून रोज पाणी लागतं आणि त्यातलं बरंचसं हवेत उडून जातं. मी टँकरचा दर धरला. युनिट महाग पडलं.

अध्यक्षांनी कागद पाहिला. "विंजिनेर साहेब, तलाव कुणाचा हाय?"

"आपलाच."

"मग आपल्याच पाण्याला आपणच कावून भाव लावायचा? उद्या घरच्या म्हशीचं दूधबी इकत घ्याल."

संचालक हसले. मीही हसलो आणि पाण्यापुढं शून्य लिहिलं. युनिट जाग्यावर स्वस्त झालं. सर्वसाधारण सभेत विषय वाचून व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" झालं. मला शाल-नारळ मिळाला. एका शून्यासाठी सत्कार झालेला जिल्ह्यात मी एकटाच असेन.

तलावाच्या खालच्या अंगाला माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं सासर. त्या गावच्या एकुलत्या विहिरीला तलावाचा पाझर. शून्य लिहिताना मला हे ठाऊक होतं.

प्रकल्प सुरू झाला आणि पुढं पाऊस फिरकलाच नाही. आभाळ कोरडं आणि पाणी थंड करायच्या आमच्या मनोऱ्यावर मात्र पांढरा ढग. आक्का नेकनूरच्या बाजारातून येताना कारखान्यावर उतरली.

"आरं, समद्या जिल्ह्यात ढग तेवढा तुमच्याकडंच हाय. आमच्या गावावर कवा धाडतोस?"

"आक्का, ती वाफ हाय."

"ठावं हाय. आमच्याच हिरीतली हाय ती."

त्या दिवशी मी अध्यक्षांकडं गेलो. पाऊस येईपर्यंत प्रकल्प थांबवा, म्हणालो.

"तुमच्याच कागदात पाणी फुकट हाय," ते शांतपणे म्हणाले. "फुकटची वस्तू वाचवून काय करायचं, साहेब?"

तलावाचा गाळ पंपात येऊ लागला तेव्हा प्रकल्प आपोआप थांबला. विहीर त्याआधीच आटली होती. आक्काची मुलं जनावरं विकून सुनांसह ऊसतोडीला पश्चिमेकडं गेली. आक्का घराला कुलूप लावून आमच्या क्वार्टरमध्ये आली.

एके दुपारी ती तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. तिनं हात थांबवला नाही.

"कागदावर बरोबरच असंल की. हिशेबात तू पयल्यापास्नं हुशार." खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "आता एवढंच काढून दे. माझं कुलूप कवा उघडंल?"

मी कोळशाचा, वाफेचा, राखेचा अंदाज काढलेला माणूस. तिच्या पुढ्यातल्या तांदळातले खडे वेचू लागलो.