सतरा नंबरच्या खोलीतला उसासा

आमचे मामा प्लंबर. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत वाकून वाकून त्यांची पाठ अशी झाली आहे, की सरळ उभे राहिले तरी खाली काहीतरी शोधतायत असं वाटतं. सुट्टी म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटी मामीनेच दोन दिवस शहर बघायला जायचं ठरवलं, राहायचं तेही एका दीडशे वर्षं जुन्या हॉटेलात. अट एकच: हत्यारांची पिशवी घरी राहील. मामांनी मान डोलावली आणि दाढीच्या सामानात छोटा पाना सरकवला.

किल्ली देताना मॅनेजरने आवाज खाली आणला. "तुमच्या सतरा नंबरमध्ये पूर्वी एक गायिका राहायची. रोज संध्याकाळी सातला तिचा उसासा ऐकू येतो. लोक खास त्यासाठी येतात." मामी हरखली. मामा छताच्या कडेने गेलेले पाइप बघत होते.

संध्याकाळी दोघं नटूनथटून नदीकाठच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला निघाली, तोच भिंतीतून आवाज आला, "हाऽऽऽय..."

मामीने मामांचा हात घट्ट धरला. "ऐकलंत? किती दुखावली असेल हो बिचारी!"

"वॉशर गेलाय," मामा म्हणाले. "सातला वरच्या मजल्यावरचे सगळे एकदम आंघोळीला जातात, म्हणून पाइप ओरडतो."

"आत्ता नाही हं! टेबल सांगून ठेवलंय."

"दोनच मिनिटं."

दोनाची पस्तीस झाली. मामा कोटासकट बेसिनखाली आडवे. स्वतःच्या रबरी चपलेची टाच कापून त्यांनी वॉशर बनवला. रेस्टॉरंटमध्ये पोचेपर्यंत टेबल गेलेलं. स्वयंपाकघराच्या दाराशी बसावं लागलं. मामांचे गुडघे ओले, चेहरा मात्र वर्गात पहिला आल्यासारखा. मामीने सूप संपवलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं कुणाच्यानेही हलली नाही ती बाई. तुम्ही अर्ध्या तासात घालवलीत."

दुसऱ्या दिवशी सातच्या जरा आधी दार वाजलं. मॅनेजर, आणि मागे श्वास रोखून उभे सहा पाहुणे. सात वाजले, सव्वासात झाले. भिंत गप्प.

"आज बरं नसेल तिला," एक बाई हळूच म्हणाली.

मामांनी मॅनेजरला न्हाणीघरात नेऊन सगळं सांगितलं, वर म्हणाले, "आता वीस वर्षं बघायला नको." मॅनेजर पांढराफटक पडला.

"काका, पुन्हा बिघडवता येईल?"

मामा खरोखरच दुखावले. "चाळीस वर्षांत मी मुद्दाम काम बिघडवलेलं नाही." आणि ते अगदी खरं होतं.

मामीने आत येऊन दार लावलं आणि बाह्या वर सारल्या. "कुठला नट ते सांगा. मी सोडते."

मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पण गप्प राहवेना. "डावीकडचा. अर्धा फेरा... अगं, अर्धाच!"

"हाऽऽऽय... हिक्!"

बाहेर खोलीत एका पाहुण्याने डोळे पुसले. खूश झालेल्या मॅनेजरने दोघांना हॉटेलच्या मोठ्या दालनात मानाने जेवायला बसवलं. मामीने गोड दोनदा मागून घेतलं. मामांचा घास काही उतरेना.

"फेरा जास्त झाला," ते पुटपुटले. "शेवटी उचकी येतेय."

"येणारच," मामी म्हणाली. "रात्रभर घराबाहेर काढलंत तिला. रडली असेल."