दुसऱ्याच्या टाकीचं माप

…हां, तिथून पुढे लिही. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे गं, आपल्या जिन्याखालचा शिंपी. गळ्यात टेप घालूनच जन्माला आला असेल असा माणूस. त्याची एकुलती एक लेक आजारात गेली, आणि मागे ठेवून गेली ती माशांची टाकी. खाऱ्या पाण्याची, आत पोवळी. अंगठीतली नव्हेत, जिवंत! फुलासारखी उमलायची.

मास्तरला माशांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लेकीच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. टाकीवरचा दिवा गेला तर धावत जाऊन नवा, चांगला झगझगीत आणून बसवला. कापड बेतता बेतता उठायचा, काचेशी जाऊन बसायचा. बायको म्हणायची, "गिऱ्हाईक ताटकळलंय, आणि तुम्ही माशांशी गप्पा मारताय?"

"ते तरी उलट बोलत नाहीत," म्हणायचा.

मग पोवळी फिकी पडायला लागली. मास्तर तडक गेला कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानात. तो दुकानवाला शर्ट मास्तरकडेच शिवणारा, बोलायला मोठा फर्डा. "घाबरता काय मास्तर! उजेड कमी पडतोय. माझ्या टाकीतली अशीच झाली होती. दिवा वाढवला, रंग परत आला. या डोळ्यांनी बघितलंय मी!"

संध्याकाळी लेकीची मैत्रीण आली. दोघींनी मिळूनच ती टाकी लावली होती. ती म्हणाली, "काका, दिवा वाढवू नका. मी वाचून काढलंय सगळं. कितीतरी टाक्या शेजारी शेजारी ठेवून तपासलंय लोकांनी. उजेड जास्त झाला तरी पोवळी फिकी पडतात. आपली बहुधा त्यातलीच."

"बहुधा?"

"खात्रीने कसं सांगू, काका? थोडा कमी करून बघू."

"मग तो काय खोटं बोलतो?"

"खोटं नाही. पण त्याने एकच टाकी बघितली, स्वतःची. आणि दिवा वाढवून ज्यांची मेली, ते कशाला त्याच्या दुकानात सांगायला येतील?"

अगं, लेकीच्या आजारात शेवटी शेवटी डॉक्टरही 'बहुधा'च म्हणत होते ना. तो शब्द मास्तरला घरात नको झाला होता. दुकानवाल्याच्या बोलण्यात तो नव्हता. मैत्रीण जिना उतरली, आणि मास्तरने दिवा वाढवला.

थोड्याच दिवसांत पोवळी पांढरीफटक झाली. साल निघावी तशी सोलवटत गेली, पाण्याला वास सुटला. नारंगी माशांची जोडी तेवढी त्या सांगाड्याभोवती घुटमळत राहिली. मैत्रिणीने ती आपल्या घरी नेली. एक लागट शब्द बोलली नाही, त्याचंच मास्तरला जास्त लागलं.

भांडायचं म्हणून तो दुकानात गेला. "दाखव मला तुझी टाकी!"

दुकानवाल्याने मागच्या खोलीत नेलं. मास्तर नुसता बघत राहिला. टाकी माणसाच्या छातीएवढी खोल, पोवळी पार तळाला, आणि वर पिवळट पडलेला म्हातारा दिवा. लेकीच्या टाकीत पाणी ते केवढं! दोन वीत, आणि त्यावर तो नवाकोरा दिवा. मास्तरने सवयीने गळ्यातला टेप काढला, काचेला लावला, आणि तसाच खाली बसला.

"मी खोटं नव्हतो बोललो, मास्तर." दुकानवाला त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

"नाही रे. तुझ्या टाकीला ते बरोबरच होतं. मीच… अख्खा जन्म गेला, एकाच्या मापाने दुसऱ्याचं कापड नाही कापलं कधी. आणि लेकीच्याच वेळेला…"

भांडण तिथेच राहिलं.

टाकी अजून जागच्या जागी आहे. आत काही नाही, तरी सकाळी उठून काच पुसतो. आणि तो दुकानवाला, बोलघेवडा मेला, आता मान खाली घालून पलीकडच्या बाजूने जातो. त्याचा शर्ट मात्र केव्हाचा शिवून खुंटीला लटकतोय. तुझ्या वाटेवरच आहे ना गं ते माशांचं दुकान? मग जाता जाता सांग त्याला, शर्ट तयार आहे, मास्तर वाट बघतोय. माप तुझंच आहे म्हणावं, ये घेऊन जा.